चौथ्या लॅपला पेडल खाली जातं, तेव्हा नेमकं काय तापलेलं असतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. गाडी १३०० किलोची, पुढची डिस्क प्रत्येकी साधारण ९ किलोची, पॅड रस्त्यावर वापरायचे पण जरा 'स्पोर्ट' प्रकारातले, ब्रेक ऑइल डॉट ४, आणि ते शेवटचं कधी बदललं ते आठवत नाही. ट्रॅकवर पहिले तीन लॅप ब्रेक झकास लागतात, चौथ्याला पेडल नरम पडतं, पाचव्याला जवळजवळ तळाला टेकतं. म्हणून आता सहा पिस्टनचं मोठं कॅलिपर, म्हणजे डिस्कवर पॅड दाबून धरणारा भाग, घ्यावं का, असं तुम्ही विचारताय.

आत्ता घेऊ नका. शर्यतीच्या गाड्यांचे ब्रेक खोलण्या-जोडण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, आणि चुकीच्या जागी सर्वात जास्त पैसे मी याच दुखण्यावर घालवलेले पाहिलेत. कारण 'ब्रेक तापले' हे एकच वाक्य आपण तीन-चार वेगवेगळ्या आजारांसाठी वापरतो. पॅड तापणं वेगळं, ऑइल तापणं वेगळं, डिस्क तापणं वेगळं. एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

ओळखायचं कसं? पायाला विचारा. पेडल पहिल्यासारखंच टणक आहे, तुम्ही जीव खाऊन दाबताय, पण गाडी थांबायचं नाव घेत नाही, तर पॅडनं हात टेकलेत. पेडल नरम लागतंय, खोल जातंय, भराभर दोन-तीनदा दाबलं की थोडं वर येतंय, तर ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झालेत. वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. तुमच्या पायाचा जोर ती वाफ चेपण्यातच संपतो. तिसरी एक गंमत अशी की पेडल फक्त पहिल्या दाबाला खोल जातं, दुसऱ्याला लगेच ठणठणीत, आणि तेही कर्बवरून (ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावरून) गाडी उडाल्यावर किंवा लांब, जोरदार वळणानंतर. त्याचा उष्णतेशी संबंध नाही. व्हील बेअरिंग ढिलं असतं किंवा हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो भाग, लवतो, डिस्क हलून पॅडना मागे ढकलते आणि पिस्टन आत जातात. याला नॉकबॅक म्हणतात. या दुखण्यावर महागडं ऑइल ओतत बसलेले लोक मी पाहिलेत.

तुमचं वर्णन दुसऱ्या प्रकारात बसतं. तुमचं ऑइल उकळतंय. ते का उकळतंय हे कळायला उष्णतेचा जमाखर्च एकदा मांडून बघू.

गाडी २०० किमीच्या वेगावरून ८० वर आणायची म्हटली, तर १३०० किलोला जवळजवळ १७ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी टाकावी लागते. त्यातला ७० टक्के वाटा पुढच्या चाकांचा धरला, तर पुढच्या एका डिस्कच्या वाट्याला ६ लाखांच्या आसपास येते. डिस्क बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची असते; एक किलो बीड एक अंशानं तापायला ५०० ज्यूल धरा. ९ किलोच्या डिस्कला अंशामागे ४५०० ज्यूल लागतात. म्हणजे साडेतीन सेकंदांच्या त्या एका ब्रेकिंगमध्ये डिस्क सुमारे १३० अंशांनी वर जाते. पुढचं मोठं ब्रेकिंग येईपर्यंत ती समजा १०० अंशच उतरली, तर ३० अंश शिल्लक राहिले. लॅपमध्ये अशी चार ब्रेकिंग असतील, तर शिल्लक साठत जाते आणि तिसऱ्या-चौथ्या लॅपला डिस्क अशा तापमानाला पोचते जिथे पहिल्या लॅपला ती नव्हतीच. 'तीन लॅप छान, चौथ्याला गडबड' यामागे एवढंच गणित आहे.

हे असंच अनंत चढत जात नाही, कारण डिस्क जितकी गरम, तितकी ती भराभर उष्णता सोडते. कुठेतरी जमा आणि खर्च सारखे होतात आणि तापमान स्थिरावतं. डिस्कचं वजन वाढवलं की प्रत्येक ब्रेकिंगची उडी लहान होते. हवा वाढवली की मुक्कामाचं तापमान खाली येतं. ही दोन कामं वेगळी आहेत. दोन-तीन लॅपच्या पात्रता फेरीत वजन उपयोगी पडतं; अर्ध्या तासाच्या शर्यतीत हवा. आणि कॅलिपरला सहा पिस्टन असोत की चार, या हिशेबात कॅलिपर कुठेच येत नाही. चांगल्या कॅलिपरचे फायदे आहेत: ते कमी फाकतं, पॅड सारखे झिजतात, जाड पॅड बसतो. पण डिस्क तीच ठेवून नुसतं कॅलिपर बदललं, तर उष्णता एका ज्यूलनंही कमी होत नाही.

आता ऑइल. डॉट ४ ला मानकाप्रमाणे कोरडा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो आणि ओला किमान १५५. ओला म्हणजे ऑइलमध्ये ३.७ टक्के पाणी मुरलेलं असताना. ग्लायकॉलवर आधारलेलं ऑइल हवेतलं बाष्प ओढून घेतं, टाकीच्या झाकणातून, रबरी होजमधून, हळूहळू. तुमचं ऑइल किती जुनं ते तुम्हालाच माहीत नाही, तेव्हा ते २३० पेक्षा १५५ च्या जवळ असेल असं धरून चाला. रस्त्यावर कधी जाणवणार नाही. ट्रॅकवर चौथ्या लॅपला जाणवतं.

त्यात ब्रेक ऑइल इंजिन ऑइलसारखं फिरत नाही. कॅलिपरमधलं ऑइल कॅलिपरमध्येच बसून असतं, तिथेच भाजतं. म्हणून टाकीतलं स्वच्छ सोनेरी ऑइल बघून काही कळत नाही. कॅलिपरच्या निपलमधून (हवा काढायच्या तोंडातून) पहिले काही थेंब काढा, ते काळपट निघतील. गाडी गार झाल्यावर वाफ पुन्हा विरते, पेडल बरंचसं परत येतं आणि माणूस म्हणतो, चला, ठीक झालं. ठीक काही झालेलं नसतं. एकदा उकळलेलं ऑइल निपलमधून काढून टाकायचं, त्याला दुसरी संधी नाही.

शर्यतीसाठीची ऑइलं ३०० अंशांच्या पुढच्या कोरड्या उत्कलनबिंदूची मिळतात. त्यातलं एक घ्या, पण डब्यावर कोरड्याबरोबर ओला आकडाही वाचा. काहींचा कोरडा आकडा डोळे दिपवणारा असतो आणि ओला साधारणच. अशी ऑइलं दर कार्यक्रमाआधी बदलणाऱ्यांसाठी ठीक. वर्षातून चार-पाच वेळाच ट्रॅकवर जाणाऱ्यानं ओला आकडा जास्त असलेलं घ्यावं आणि प्रत्येक कार्यक्रमाआधी चारही कॅलिपरमधून थोडं थोडं नवं ऑइल येईपर्यंत हवा काढावी. उघडा डबा कपाटात ठेवून पुढच्या हंगामात वापरू नये. आणि डॉट ५, म्हणजे सिलिकॉनचं, ट्रॅकवर नको. नुसत्या आकड्यांत ते चांगलं दिसतं, पण दाबाखाली जरा चेपतं आणि पेडल भुसभुशीत लागतं. डॉट ५.१ हा वेगळा प्रकार आहे, तो ग्लायकॉलचाच. नावातल्या त्या दशांशावरून घोटाळा होतो.

पॅडबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो, कारण ऑइल सुधारलं की पुढची तक्रार पॅडचीच येणार. रस्त्यावरचा पॅड साधारण ३५० ते ४०० अंशांपर्यंत काम करतो. त्यापुढे त्यातला बांधणारा राळेचा भाग जळायला लागतो, त्याचा वायू पॅड आणि डिस्कच्या मध्ये येतो आणि घर्षण गळून पडतं. ट्रॅकचे पॅड ६०० ते ७०० अंश सहज सोसतात. त्या बदल्यात ते थंड असताना नीट पकडत नाहीत, किंचाळतात आणि डिस्क खातात. दोन्ही जगांत चालणारा पॅड शोधण्यात वेळ घालवू नका. ट्रॅकच्या दिवशी पॅड बदलायचे, घरी जाताना परत बदलायचे. एका चाकाला वीस मिनिटं लागतात.

नवे पॅड घातलेत की बेडिंग करा. मध्यम जोराचे काही ब्रेक, मग वाढत्या जोराचे, आणि मग ब्रेक न दाबता गार व्हायला पूर्ण एक लॅप. नव्या पॅडमधला वायू यात निघून जातो आणि डिस्कवर पॅडच्या द्रव्याचा एक पातळ, सारखा थर बसतो. हे न करता थेट जोरात सुटलात, तर थर ठिगळाठिगळांचा बसतो आणि ब्रेक दाबताना स्टिअरिंग थरथरतं. लोक म्हणतात डिस्क वाकडी झाली. बहुतेक वेळा डिस्क सरळच असते, तिच्यावर पॅडचे डाग चिकटलेले असतात. दुर्लक्ष केलं, तर त्या डागांखालचं बीड जास्त तापून तिथे कडक ठिपके तयार होतात, आणि ते मग घासूनही जात नाहीत.

पॅडची जाडी हा फार दुर्लक्षित मुद्दा. पॅड म्हणजे डिस्क आणि पिस्टन यांच्यामधली भिंत. भिंत अर्धी झिजली की पलीकडे धग जास्त पोचते. 'मागच्या वेळी याच ऑइलवर काही झालं नव्हतं' अशी तक्रार येते, तेव्हा मी आधी पॅडची जाडी मोजतो. ट्रॅकसाठी निम्म्यावर आलेला पॅड काढून ठेवा. रस्त्यावर तो अजून बराच चालेल.

यानंतरची तपासणी फुकटातली आहे आणि हटकून राहून जाते. गाडी उचला, पुढचं चाक हातानं फिरवा. ब्रेक दाबून सोडा, परत फिरवा. अडखळतं का? सरकत्या कॅलिपरच्या पिना सुकल्या असतील, पिस्टनचं सील कडक झालं असेल, तर पॅड पूर्ण सुटत नाही आणि सरळ पट्ट्यावर, म्हणजे नेमकं जिथे गार व्हायचं तिथेच, ब्रेक घासत राहतो. पॅड काढून बघा: आतला आणि बाहेरचा सारखे झिजलेत का, एका टोकाला पाचरीसारखे झालेत का. एकदा माझ्याकडे एक गाडी आली होती. दोन हंगाम तिच्या मालकानं डक्ट (ब्रेककडे हवा नेणाऱ्या वाटा) बदलले, डिस्क बदलल्या, पॅडचे चार प्रकार करून पाहिले. उजवी पुढची पिन गंजली होती. पिना साफ करून उष्णता सोसणारं ग्रीस लावलं, डावी-उजवी तापमानं जुळली आणि प्रश्न तिथेच संपला.

तापमानं जुळली हे मला कसं कळलं? मोजून. यापुढचा खर्च करण्याआधी तुम्हीही मोजा. डिस्कच्या बाहेरच्या कडेला लावायचा तापमानाचा रंग मिळतो. नेहमीच्या संचात तीन रंग असतात. एक साधारण ४३० अंशांना पालटतो, दुसरा ५६० ला, तिसरा ६१० ला. तीन बारीक पट्टे ओढा, सेशन झाल्यावर बघा. कॅलिपरवर चिकटवायच्या पट्ट्या मिळतात. ठरावीक अंशांना त्यांचा चौकोन काळा होतो आणि काळाच राहतो. दोन्ही स्वस्त आहेत, आणि दोन्ही सर्वोच्च तापमान सांगतात, जे आपल्याला हवं असतं. पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या थांब्यावर, डिस्कवर रोखून तापमान बघायची इन्फ्रारेड बंदूक इथे कामाची नाही. गार होण्याचा लॅप मारून, पिट लेनमधून येईपर्यंत डिस्क कितीतरी उतरलेली असते, शिवाय चकचकीत घासलेल्या बीडावर ही बंदूक कमीच आकडा दाखवते. डावं-उजवं तुलनेला वापरा, बाकी तिच्यावर विसंबू नका.

आकडे हातात आले की चित्र स्पष्ट होतं. डिस्क ५०० पर्यंतच आणि कॅलिपरची पट्टी २०० च्या पुढे काळी, तर डिस्क बरी आहे, उष्णता मागे कॅलिपरकडे झिरपतेय. तिथे भिंत घालायची. डिस्कवरचे तिन्ही रंग पालटले, तर हवा कमी आहे. पुढच्या डिस्क भाजल्यात आणि मागच्यांवर पहिला रंगही बदललेला नाही, तर मागचे ब्रेक त्यांचा वाटा उचलत नाहीयेत; बायस बार (पुढच्या-मागच्या ब्रेकमध्ये जोर वाटणारा दांडा) असेल तर थोडा मागे द्या, मागचा पॅड जास्त पकडीचा घाला. जपून मात्र, मागची चाकं आधी अडकली तर गाडी फिरते. उलट, मागचे ब्रेक अकारण तापलेले दिसले तर इलेक्ट्रॉनिक्सवर संशय घ्या. आजच्या पुष्कळ गाड्या वळणात चाक घसरू नये म्हणून तुम्हाला न सांगता ब्रेक लावत असतात.

एक गैरसमज इथेच काढून टाकतो. डिस्क लाल दिसली म्हणजे संपली असं नाही. अंधारात लोखंड साधारण ५२५ अंशांपासून पुसट लाल दिसू लागतं. रात्रीच्या शर्यतीत चांगल्या चाललेल्या गाड्यांच्या डिस्कही वळणाआधी पेटल्यासारख्या दिसतात. ट्रॅकच्या पॅडला थोडी ऊब हवीच असते. फॉर्म्युला वनच्या कार्बन डिस्क तर काहीशे अंशांच्या खाली नीट चावतच नाहीत. म्हणून थंड दिवशी तिथले मेकॅनिक हवेची तोंडं टेपनं झाकतात. आपलं उद्दिष्ट पॅड आणि ऑइल दोघांनाही झेपेल असं तापमान, एवढंच.

आता हवा. या विषयावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण सर्वात जास्त फायदा इथे आहे आणि सर्वात जास्त चुकाही इथेच होतात.

पुढची डिस्क दोन तबकड्यांची असते, मध्ये पाती. चाक फिरतं तेव्हा ती डिस्क स्वतःच पंखा होते: मधल्या भोकाजवळून हवा आत ओढते आणि पात्यांमधून बाहेरच्या कडेनं फेकते. तिची गार होण्याची वाट ही आहे. तेव्हा तुम्ही आणलेली हवा त्या मधल्या तोंडाशी पोचली पाहिजे. कॅलिपरवर नाही, डिस्कच्या घासणाऱ्या पृष्ठभागावर तर मुळीच नाही. सुरुवातीच्या काळात मी स्वतः एका गाडीला जाड होज लावून त्याचं तोंड थेट डिस्कच्या आतल्या बाजूच्या पृष्ठभागावर रोखलं होतं. हवा भरपूर, मी खूश. एका शर्यतीनंतर आतल्या बाजूला केसासारख्या भेगांचं जाळं आणि डिस्क बशीसारखी किंचित वाकलेली. एक बाजू गार, एक बाजू तापलेली. बीड बिचारं करणार काय? ती डिस्क मी अजून भिंतीला टांगून ठेवली आहे.

तर डिस्कमागचा धुळीचा पत्रा काढा आणि त्याच्या जागी होज जोडता येईल अशी प्लेट बसवा, जी हबभोवतीची जागा बऱ्यापैकी बंद करते, म्हणजे आलेली हवा इकडेतिकडे न पळता पात्यांतच शिरते. प्लेट आणि फिरणारा भाग यांत काही मिलिमीटरचं अंतर ठेवा, जास्त नाही. बेअरिंगलाही थोडा वारा लागेल असं बघा, तेही भाजत असतं.

होजचा व्यास मोठा असेल तितका बरा, पण तो बसला पाहिजे. ७५ मिलिमीटरच्या होजचं तोंड ४४ चौरस सेंटिमीटर भरतं, १०० च्या होजचं ७८. फरक पावणेदोन पटींचा. मात्र १०० चा होज चाक पूर्ण वळवल्यावर चेपत असेल, तर न चेपणारा ७५ चाच चांगला. बसवून झाल्यावर चाक दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा, सस्पेन्शन दाबा, आणि होज टायरला कुठे लागत नाही याची खात्री करा. होज उष्णता सोसणारा, तारेच्या सांगाड्याचा घ्या. चाकाजवळचं टोक साध्या प्लास्टिकचं असेल तर वितळतं. वळणं कमी आणि मोठ्या घेराची.

आणि हवा घ्यायची कुठून? समोरून, जिथे हवा बंपरवर सरळ आदळून दाबली जाते. बंपरखालच्या ओठापाशी, कडेला वळलेल्या भागावर तोंड केलंत, तर तिथे हवा आत यायच्या ऐवजी पुढून निसटते. फॉग लॅम्पची जागा बहुतेक गाड्यांत चांगली ठरते. तोंडाला जाळी लावा, नाहीतर टायरचे तुकडे आत जाऊन बसतात. वळलेल्या पात्यांची डिस्क असेल, तर डावी आणि उजवी वेगळी असते. वरून आत बघितलं की पाती फिरण्याच्या दिशेच्या उलट, मागे झुकलेली दिसली पाहिजेत. पृष्ठभागावरच्या खाचा बघून दिशा ठरवू नका, पाती बघा. उलट बसवलेल्या डिस्क मी चांगल्या चांगल्या संघांच्या गाड्यांवर पाहिल्यात.

पाणी मारून डिस्क गार करायचा विचार कुणी सुचवला, तर नको. तापलेल्या बीडाला तडा जातो.

भिंतीबद्दल थोडंसं. पॅडच्या मागचा पत्रा आणि पिस्टन यांच्या मध्ये टायटॅनियमची पातळ चकती बसवता येते. नेहमी वापरलं जाणारं टायटॅनियमचं मिश्रधातू साध्या पोलादाच्या सहावा-सातवा हिस्साच उष्णता वाहून नेतं. यानं डिस्क गार होत नाही, उलट उष्णता डिस्कमध्येच थोडी जास्त राहते. पण ऑइल वाचतं. कॅलिपरची पट्टी काळी पडत असेल तरच हा खर्च करा.

डिस्क बदलायची वेळ आलीच, तर भोकं पाडलेली घेऊ नका. दिसायला छान, पण प्रत्येक भोकाच्या काठावर ताण साठतो आणि भेग तिथूनच निघते. खाचांची घ्या. जास्त वजनाची, जास्त रुंदीची घ्या: वरच्या हिशेबातली ९ किलोची डिस्क ११ ची झाली, तर १३० अंशांची उडी १०७ वर येते. जमलं तर दोन तुकड्यांची, तरंगती घ्या. ३५० मिलिमीटरची डिस्क ६०० अंशांनी तापली की तिचा व्यास दोन मिलिमीटरांहून जास्त वाढतो. मधल्या टोपीला ती घट्ट जोडलेली असेल, तर वाढायला जागा नसते आणि ती कलते.

एवढं सगळं लोखंडाचं झालं. पण सर्वात स्वस्त ब्रेक कूलर तुमचा उजवा पाय आहे, आणि याबाबत एक चुकीचा सल्ला फार फिरतो: 'कमी वेळ, जोरात दाबा, म्हणजे ब्रेक कमी तापतील.' २०० वरून ८० वर यायचं असेल, तर ऊर्जा तेवढीच आहे, तीन सेकंदांत टाका की पाचात. जोरात आणि थोडा वेळ दाबल्यानं गार व्हायला जरा जास्त वेळ मिळतो, हे खरं. पण रेंगाळत दाबण्यातलं मुख्य नुकसान असं की घाबरत दाबणारा माणूस गाडी गरजेपेक्षा जास्त हळू करून बसतो.

उष्णता खरोखर कमी करायची, तर आकड्यांकडे बघा. ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते, म्हणून वरचे १० किमी खालच्या १० किमीपेक्षा फार महाग असतात. २०० ऐवजी १९० वर ब्रेक लावायला सुरुवात केली, तर त्या ब्रेकिंगची उष्णता साडेअकरा टक्क्यांनी घटते. वळणात ८० ऐवजी ९० नं शिरलात, तर ५ टक्क्यांनी. म्हणजे सरळ पट्ट्याच्या शेवटी क्षणभर आधी पाय उचलला आणि हवेच्या रोधाला आपलं काम करू दिलं, तर लॅपमागे किरकोळ वेळ जातो आणि ब्रेकवरचा भार बघण्यासारखा उतरतो. लांब पल्ल्याच्या शर्यतींत हे रोज केलं जातं. १९५५ च्या ले मॉंला, म्हणजे फ्रान्समधल्या २४ तासांच्या शर्यतीत, मर्सिडीजच्या ३०० एसएलआर गाड्यांवर चालकामागे उभी राहणारी भलीमोठी झडप होती, हवेनं गाडी रोखण्यासाठी. त्यांचे ब्रेक ड्रमचे होते. जॅग्वारनं दोनच वर्षं आधी, १९५३ मध्ये, डिस्क ब्रेक लावून तीच शर्यत जिंकली होती. ड्रमना दर वळणाची सगळी उष्णता झेपणार नव्हती, म्हणून मर्सिडीजनं वरचा वेग हवेच्या हवाली केला. तुमच्या गाडीला झडप नाही, पण पाय उचलायला कुणाची बंदी नाही.

वजनाचंही तसंच. ऊर्जा वजनाच्या सरळ प्रमाणात असते. १३०० तून १०० किलो काढलेत, तर प्रत्येक ब्रेकिंगची उष्णता साडेसात टक्क्यांहून जास्त कमी. मागचं सीट, स्टेपनी, जॅक, दाराच्या कप्प्यातला पसारा. यात पैसेही लागत नाहीत.

ट्रॅक कोणता, हेही बघा. लांबी किंवा सर्वोच्च वेग यापेक्षा दोन मोठ्या ब्रेकिंगच्या मध्ये किती वेळ मिळतो ते महत्त्वाचं. मॉंट्रियलचा ट्रॅक ब्रेकसाठी कठीण मानला जातो, कारण तिथे सरळ पट्टा, हळू वळण, परत पट्टा, परत हळू वळण, असा सपाटा चालतो. तुमचा ट्रॅक त्या जातीचा असेल, तर सुरुवातीला दोन लॅप जोरात, एक सौम्य, असं चालवा, जोवर तुमचे रंग आणि पट्ट्या वेगळं काही सांगत नाहीत.

तेव्हा क्रम असा धरा: नवं ऑइल, ट्रॅकचे पॅड, पिना आणि सीलची तपासणी, रंग आणि पट्ट्या लावून एक सेशन. माझा अंदाज, तुमची तक्रार एवढ्यातच मिटेल. नाही मिटली, तर डक्ट. मग टायटॅनियमच्या चकत्या. डिस्क आणि कॅलिपर सगळ्यात शेवटी. दर सेशननंतर डिस्कवर नख फिरवा. पृष्ठभागावरच्या केसासारख्या रेषा चालतात. नख अडकलं किंवा भेग बाहेरच्या कडेला अथवा खाचेला पोचली, तर ती डिस्क त्याच दिवशी उतरवायची, मग पुढची शर्यत कितीही महत्त्वाची असो.

आणि एक गोष्ट, जिनं मला एकदा फार घाबरवलं होतं. गाडी उत्तम पेडल घेऊन आत आली, चालक म्हणाला सगळं छान, दहा मिनिटं उभी राहिली, आणि परत बाहेर जाताना पिट लेनच्या टोकाशी पेडल सरळ तळाला. काय झालं होतं? गाडी थांबली की वारा थांबतो, पण डिस्क अजून भट्टीसारखी असते. ती सगळी धग शेजारच्या कॅलिपरमध्ये शिरते आणि चालताना न उकळलेलं ऑइल उभ्या गाडीत उकळतं. म्हणून शेवटचा लॅप ब्रेकला जवळजवळ हात न लावता, वेग मात्र बरा ठेवून मारायचा, म्हणजे वारा मिळत राहतो. पिटमध्ये आल्यावर पेडलवर पाय ठेवून बसायचं नाही, हँडब्रेक ओढायचा नाही. चाकाला ठोकळा लावायचा आणि दर मिनिटाला गाडी हातभर ढकलायची, म्हणजे डिस्कचा एकच भाग पॅडखाली भाजत राहत नाही. आणि परत निघताना, गाडी जागची हलायच्या आधी, पेडल दाबून बघायचं. दरवेळी.